मावशीचा पालथा हात

मित्रांनो, मी एक जुनी दगडी भिंत आहे. माझ्या कानांबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकले असेल. ती बदनामी अगदी खरी आहे, मला सगळे ऐकू येते. पण मला तोंड नाही, हे कुणी ध्यानात घेत नाही. सगळे ऐकायचे आणि एक शब्द बोलायचा नाही, असा जन्म माझ्या वाट्याला आला आहे. कुणी चुकून काही बोलले की लोक माझ्याकडे बघून आवाज खाली आणतात. मी कधी कुणाची चहाडी केल्याचे मला आठवत नाही.

टेकडीच्या पायथ्याशी तीन खोल्यांचे एक बुटके दगडी घर आहे. त्याची मागची, टेकडीकडची भिंत म्हणजे मी. मला एका किडकिडीत, तापट गवंड्याने बांधले. तो प्रत्येक दगड हातात घेऊन चारही बाजूंनी फिरवून बघायचा आणि नाही पटला तर बाजूला टाकायचा. नाकारलेल्या दगडांचा ढीग माझ्यापेक्षा उंच झाला, तेव्हा मालक कुरकुरला. गवंड्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. चुना त्याने कितीतरी दिवस भिजत ठेवला होता. दगडांच्या मधल्या फटी, म्हणजे दरजा, त्याने त्या चुन्याने भरल्या. माझी जाडी दीड हात झाली. माझ्या खांद्यात त्याने एक खोबण ठेवली आणि छताची जाड तुळई उचलून तिचे टोक त्या खोबणीत बसवले. तुळईने हलकेच कुरकुर केली आणि ती माझ्यावर टेकली. त्या दिवसापासून तिचे ओझे ते माझे ओझे.

निघताना गवंडी मालकाला म्हणाला होता, टेकडीचे पाणी जमिनीतून हिच्या अंगात चढणारच, ते अडवायला जाऊ नका. ते हिच्या अंगातून बाहेर जाऊ द्या. दर वर्षी चुन्याचा पातळ हात द्या, बाकी काही लावू नका. मालक हो हो म्हणाला. त्याचे लक्ष दुसरीकडे होते, पण सुदैवाने त्याची बायको ऐकत होती. तिने शेवटपर्यंत तो नेम पाळला. माझी बरी वर्षे ती. पावसाळ्यात मी थोडी ओली व्हायची आणि ऊन पडले की वाळायची. उन्हाळ्यात लोक मला पाठ टेकून बसायचे आणि किती गार वाटते म्हणायचे. कौतुक कुणाला नको असते?

पुढे ती माणसे गेली. घराला कुलूप लागले. अकरा वर्षे कुणी माझ्याकडे फिरकले नाही. दरजांमधला चुना भुसभुशीत होऊन खाली सांडू लागला. एका कोनाड्यात चिमण्यांनी संसार थाटला. दिसायला मी अगदीच गबाळी झाले होते, पण मित्रांनो, एक सांगते, आतून मी कोरडी होते. तुळईचे टोकही ठणठणीत होते. ही गोष्ट लक्षात ठेवा.

मग एक दिवस कुलूप उघडले आणि तिघे जण आत आले. एक रंगारी, त्याची बायको आणि त्या बायकोची म्हातारी मावशी. रंगारी म्हणजे घरे रंगवणारा नव्हे. तो मोटारींना रंग द्यायचा. ठोकरलेली गाडी त्याच्याकडे यायची आणि नव्यासारखी होऊन जायची. बायको टपाल कचेरीत आलेली पत्रे गावांप्रमाणे वेगळी करायची. आणि मावशीने उभा जन्म लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली होती. बहीण गेल्यावर भाचीला तिनेच वाढवले. आता तिची दृष्टी अधू झाली होती, काल काय घडले ते कधी आठवायचे, कधी नाही. सामानात तिची जुनी कोळशाची इस्त्री होती. आता वापरायची नव्हती, पण सोडवतही नव्हती.

घर बघून बायकोचा चेहरा पडला. रंगाऱ्याचा मात्र उजळला. पोचे पडलेली गाडी बघून त्याचे हात जसे शिवशिवायचे तसे ते माझ्याकडे बघून शिवशिवले. त्याने बोटाने एक दरज खरवडली. चुन्याची भुकटी खाली पडली. तो बायकोला म्हणाला की हिला आतून गंज चढलाय. दगडाला गंज! मी हसले असते, पण ती सोय नाही.

तिथेच सगळी चूक झाली, आणि ती करणारा माणूस आळशी नव्हता की वाईट नव्हता. त्याच्या धंद्यात पाणी म्हणजे वैरी. पत्र्याला कुठे फट राहिली की पाणी शिरते आणि पत्रा सडतो. म्हणून फट बुजवायची, घासायची, वर रंगाचे पक्के थर द्यायचे. वीस वर्षे त्याने हेच केले होते आणि कधी तक्रार आली नव्हती. मावशीला खोकला होता. तिला ऊबदार, कोरडी खोली मिळावी म्हणून तो सुट्टीच्या प्रत्येक दिवशी राबला. बाहेरून आणि आतून त्याने मला सिमेंटचा जाड गिलावा केला. त्यावर गाडीला लावतात तशी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. ती पॉलिश पेपरने घासली. घासताना तो शीळ घालायचा. शेवटी आतून फिक्या पिवळ्या ऑइलपेंटचे तीन हात दिले. बायको म्हणाली, तोंड दिसतंय हिच्यात. दोघे माझ्यासमोर उभे राहून वेडीवाकडी तोंडे करून हसले.

मलाही छान वाटले, खोटे कशाला बोलू? इतक्या प्रेमाने मला कुणी हात लावला नव्हता. पण पुढच्या पावसाळ्यात टेकडीचे पाणी नेहमीसारखे माझ्या पायातून वर चढले, आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. पुढे सिमेंट, मागे सिमेंट. ते बिचारे वर वर चढत राहिले.

त्यांचा संसार तोवर चांगला बहरला होता. सकाळी रंगारी आणि बायको कामाला निघण्याआधी चहावरून भांडायची, कारण त्याला तो कडक लागायचा आणि तिला पुळकवणी. खिळा ठोकायचा म्हटले की तो तीनदा मोजमाप घ्यायचा आणि तरी तसबीर वाकडी लागायची. रविवारी मावशी दोरीवरचे कपडे काढून मांडीवर घ्यायची. डोळ्यांनी तिला फारसे दिसत नव्हते. ती प्रत्येक कपड्याला हाताची पालथी बाजू लावायची. तळवा खोटं बोलतो, पालथा हात बोलत नाही, असे ती भाचीला सांगायची. बाहीच्या शिवणीत थेंबभर ओल राहिली असली तरी तिला कळायची आणि तो कपडा ती परत पाठवायची. तिच्या हातून सादळलेला कपडा कधी कपाटात गेला नाही.

मावशीची खाट माझ्यालगत, तुळईच्या टोकाखालीच होती. ती जागा रंगाऱ्याने मुद्दाम निवडली होती, कारण स्वयंपाकघराची ऊब तिथवर यायची. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी मावशीने सहज माझ्यावर पालथा हात ठेवला. ठेवला तो बराच वेळ उचलला नाही. मग ती भाचीला म्हणाली, ही ओली आहे.

भाचीने येऊन तळवा लावला. रंग कोरडा, चकचकीत. गार आहे गं मावशी, ओली नाही, असे म्हणून ती कामाला लागली. मावशीने मान हलवली. त्या दिवसापासून ती रोज हात लावायची आणि रोज तेच सांगायची.

मित्रांनो, मलाही माझ्या परीने सांगायचे होते. बोलता येत नाही म्हणून मी डाग काढला. तुळईच्या खाली ताटाएवढा पिवळट तपकिरी डाग. त्याहून मोठ्याने ओरडणे मला शक्य नव्हते. रंगाऱ्याने तो पाहिला, त्याचे तोंड उतरले. आपले काम कुठे कमी पडले म्हणून त्याने स्वतःलाच बोल लावला. डाग घासला आणि वर आणखी पक्का रंग दिला. पुढच्या वर्षी मी दोन डाग काढले. त्याने दोन्ही झाकले. तिसऱ्या वर्षी रंगाला फुगे आले, तेव्हा त्याने ते फोडून लांबी भरली. मी जितका आक्रोश करायची तितका तो माझ्या तोंडावर हात ठेवायचा. तोही मायेने.

इकडे तुळईचे टोक माझ्या खांद्यात नरम पडू लागले होते. लाकूड सडते तेव्हा आवाज होत नाही. आज थोडे, उद्या थोडे, असे ते सैल होत जाते. तिचे ओझे आता माझ्यावर नीट टेकत नव्हते. आणि खाली मावशी खाटेवर बसून शेंगा सोलायची, झोपायची, खोकायची. ती वर बघून मला म्हणायची, अगं, किती पाणी साठवलंस पोटात. माझ्याशी बोलणारे घरात ते एकच माणूस होते. मला तिला फक्त एवढे सांगायचे होते की तू इथून ऊठ.

चौथ्या वर्षी एका दुपारी घरात ती एकटीच होती. तिने खाटेखालची कोळशाची इस्त्री दोन्ही हातांनी ओढून काढली. ती वजनदार, आणि मावशीच्या मनगटात जोर उरला नव्हता. तरी तिने इस्त्रीचे टोक माझ्यावर हाणले. एकदा, दोनदा, थांबून दम घेऊन पुन्हा. गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा निखळून खाटेवर पडला. चार वर्षांनी माझ्या अंगाला हवा लागली. मला कसे वाटले ते मी सांगू शकत नाही. मावशीने त्या भोकात पालथा हात घातला आणि आतल्या आत पुटपुटली. तिची बोटे ओली झाली होती. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो.

दोघे घरी आले तेव्हा खाटेवर, पांघरुणावर, मावशीच्या केसांवर सिमेंटचा चुरा होता. रंगाऱ्याने गिलाव्याचा तुकडा उचलला.

“मावशी, हे तुम्ही केलंत?”

“तिला उघडी राहू द्या, जावईबापू. वाळू दे तिला.”

तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. त्याने झाडू घेऊन चुरा गोळा केला. बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. मावशीने आपली ओली बोटे पुढे केली होती, पण तेवढ्या वेळात ती वाळून गेली होती, आणि भोकातला दगडही वरवर सुकला होता. आज भिंत फोडली, उद्या गॅस उघडा ठेवेल, हिला दिवसभर एकटी कशी ठेवायची, असे दोघे हळू आवाजात बोलत राहिले. नवरा-बायकोला वाटत होते की मावशीला ऐकू जात नाही. मला जात होते.

आठ दिवसांनी ठरले. मावशीने काही दिवस भाच्याकडे, म्हणजे बायकोच्या भावाकडे राहायचे. त्याचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता आणि घरात दिवसभर कुणी ना कुणी असायचे. निघायच्या सकाळी मावशी खाटेवर बसली होती. बायको खाली वाकून तिच्या स्वेटरची बटणे लावत होती. मावशी पुन्हा एकदा म्हणाली की खाट तरी तिथून हलवा, ही भिंत आतून भरलेली आहे. बायकोने शेवटचे बटण लावले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली,

“मावशी, तुझ्या हातांना आता नीट कळत नाही गं.”

मावशीने आपले हात उलटसुलट करून पाहिले आणि मांडीवर ठेवून दिले. नंतर गाडीत बसेपर्यंत तिने कशालाच हात लावला नाही, दाराच्या कडीलासुद्धा नाही. मी दगडाची आहे, पण त्या क्षणी मला वाटले की आपण आत्ताच कोसळावे म्हणजे हिला खरे वाटेल. पण हिच्यासमोर कोसळणे म्हणजे हिच्यावरच कोसळणे. मी तुळईला जेवढे धरवेल तेवढे धरून ठेवले.

ते भोक रंगाऱ्याने असे बेमालूम बुजवले की पुढे त्याला स्वतःलाही जागा सापडेना. त्याचा हात त्या कामात खरोखर चांगला होता.

दोन महिने गेले. एका रविवारी सकाळी रंगारी दारात बसून पाटाला पॉलिश पेपर घासत होता. बायको आत भाजी चिरत होती. मी धरले होते, मित्रांनो. पण लाकडाचेच लाकूडपण गेले तर मी कशाला धरणार? तुळईचे टोक खोबणीतून निसटले आणि ती मावशीच्या खाटेवर आली. खाट मधोमध मोडली. उशी जिथल्या तिथे होती आणि तुळई तिच्यावर आडवी होती.

धूळ बसायला वेळ लागला. बायको हातात सुरी घेऊनच आली होती. ती उशीकडे बघत राहिली. रंगाऱ्याने स्टुलावर चढून खोबणीत हात घातला आणि मूठभर काहीतरी बाहेर काढले. चहाच्या चोथ्यासारखे काळे, ओले लाकूड. त्याने मूठ दाबली, तेव्हा पाणी त्याच्या कोपरापर्यंत ओघळले. बायको मोडक्या खाटेच्या कडेवर बसली आणि तिने आपला हात माझ्यावर ठेवला. पालथा.

त्याच दिवशी एक सुतार आला. त्याने पडलेली तुळई उचलून तिच्याखाली लाकडी टेकू दिला, छत सावरले आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. कुणी केलं हे, असे त्याने विचारले. मी, असे रंगारी म्हणाला. सुतार भला होता, पुढे काही बोलला नाही. सगळे सिमेंट काढा, चुन्याने दरजा भरा आणि हिला पूर्ण वाळू द्या, असे त्याने सांगितले. त्याआधी नवी तुळई बसवली तर तीही सडेल. किती दिवस लागतील ते सांगता येणार नाही. घरात कुणाला ओल कळते का, त्याने विचारले.

“कळते,” रंगारी म्हणाला. “मावशींना कळते.”

दुसऱ्या दिवशी दोघे जाऊन तिला घेऊन आले. मावशीने मोडकी खाट पाहिली, टेकू पाहिला. मी सांगितले होते, असे ती म्हणाली नाही. तेवढे जरी म्हणाली असती तर त्या दोघांना बरे वाटले असते. बायकोने तिचे हात हातात घेऊन कितीतरी वेळा माफी मागितली. अगं, त्यात काय एवढं, असे म्हणत मावशीने हात हळूच सोडवून घेतले. भाच्याच्या घरी दोन महिने तिला कुणी काही विचारले नव्हते आणि तिनेही कशाला हात लावला नव्हता. कपडे तिथे यंत्रातून वाळूनच यायचे.

रंगाऱ्याने छिन्नी घेतली आणि चार वर्षांचे काम रोज संध्याकाळी थोडे थोडे फोडून काढले. आतून, बाहेरून. शीळ घातली नाही. मग त्याने चुना भिजवायला शिकून घेतला आणि माझ्या दरजा भरल्या, वाकड्यातिकड्या, पण मनापासून. मी पुन्हा गबाळी दिसू लागले. टेकू खोलीच्या मध्येच उभा राहिला आणि संसार त्याला वळसा घालून चालू लागला. त्याला खिळा मारून बायकोने दिनदर्शिका लावली. रंगाऱ्याची टोपी त्याच्यावर, कपड्यांच्या दोरीचे एक टोक त्याला. बायको दिवसातून एकदा तरी खांदा आपटून घ्यायची आणि त्याच्याशी भांडायची.

दर रविवारी रंगारी माझ्याजवळ खुर्ची मांडतो. मावशीला हात धरून आणून बसवतो आणि विचारतो, वाळली का? पहिल्या रविवारी मावशी मांडीवर हात ठेवून बसून राहिली. मग म्हणाली,

“मला काय कळतंय आता, जावईबापू. तुम्हाला वाटतं वाळली, तर वाळली.”

“मला कळत असतं तर हे झालं असतं का?” तो म्हणाला. “तुम्हाला कळेल तेव्हा तुळई बसवू. तोवर टेकू राहील.”

त्याला सव्वा वर्ष झाले. नवी तुळई ओसरीत पडून आहे, तिच्यावर बसून शेजारच्या मांजरी ऊन खातात. सुतार दोनदा विचारून गेला. रंगारी त्याला सांगतो, अजून मावशींनी सांगितलं नाही. बायकोने एकदा मावशीचा हात धरून माझ्यापाशी आणला होता. मावशीने मूठ मिटून घेतली. पुन्हा कुणी तसे केले नाही.

मित्रांनो, मी वाळले आहे. दोन रविवार होऊन गेले. पायापासून खांद्यापर्यंत, आतल्या शेवटच्या दगडापर्यंत मी कोरडी आहे. आणि हे सांगायला माझ्याकडे काहीच नाही. ओली होते तेव्हा निदान डाग काढता यायचा. कोरडेपणाचा डाग कसा काढू?

माझी तुमच्याकडे एकच विनवणी आहे. तुमच्या घरातल्या भिंतीवर डाग दिसला तर रंगाचा डबा उघडण्याआधी तिला काय झाले आहे ते बघा. आणि घरातले कुणी म्हातारे माणूस म्हणाले, इथे ओल आहे, तर तळवा टेकवून लगेच नाही म्हणू नका. पालथा हात लावा. थोडा वेळ तसाच ठेवा. भिंत एक वेळ वाळते, पण त्यांना एकदा तुला कळत नाही म्हटले की ते शब्द लवकर वाळत नाहीत. हे मी चांगले दीड हात जाडीने सांगते आहे.

परवाच्या रविवारी रंगाऱ्याने विचारले आणि मावशीने नेहमीचेच उत्तर दिले. तो ओसरीत गेला. बायकोने दोरीवरच्या कपड्यांचा ढीग आणून मावशीच्या मांडीवर टाकला, घडी घालायला. मावशी खिडकीबाहेर बघत घड्या घालत होती. एक सदरा हातात आला आणि तिचा हात थांबला. तो आपणहून पालथा झाला, बाहीच्या शिवणीवरून फिरला. तिने तो सदरा बाजूला काढला, उठून टेकूवरच्या खिळ्याला अडकवला आणि परत येऊन बसली. आपण काय केले हे तिच्या लक्षातही आले नाही. दारातून भाची बघत होती. तिने तोंडावर हात दाबून धरला आणि ती तशीच मागच्या मागे गेली.

त्या वेळी मावशीचा हात माझ्यापासून वीतभर लांब होता. येत्या रविवारी खुर्ची पुन्हा मांडली जाईल. मी कोरडी आहे आणि मी इथेच आहे.